जप्ती कोणाची, भरपाई कोणाला?

‘जप्ती’ म्हणजे काय, हे सातारा-सांगलीकडच्या माणसाला विचारावे लागत नाही. सोसायटीचे कर्ज थकले की जप्ती येते, शेतसारा थकला की येत असे, गावातल्या कोणावर मोठा गुन्हा दाखल झाला की पोलिसांबरोबर येते. अरबीतून फारसीमार्गे आलेला हा शब्द आपल्या महसुली आणि फौजदारी भाषेत इतका मुरला आहे, की त्याच्या पोटात तीन वेगवेगळ्या क्रिया आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. पहिली क्रिया म्हणजे मालमत्ता अडकवून ठेवणे, म्हणजे मालकाला ती विकता किंवा गहाण टाकता येऊ नये अशी व्यवस्था करणे. दुसरी म्हणजे ती कायमची सरकारजमा करणे. तिसरी म्हणजे तिची किंमत ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती देणे. या तिन्हींना आपण एकाच नावाने हाक मारतो, पण त्यांचे अधिकार वेगळे आहेत आणि इतिहासही वेगळा आहे.

मी वकील नाही आणि कोणत्या विद्यापीठाचा संशोधकही नाही. १९४२ च्या चळवळीविषयी वाचताना ‘फरारी’ आणि ‘जप्ती’ हे दोन शब्द जोडीने इतक्या वेळा समोर आले, की मूळ कायदा वाचल्याशिवाय पुढे जाता येईना. म्हणून १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता मिळवली आणि कलमागून कलम लावत बसलो. पुढे थोरल्या बहिणीची आयुष्यभराची ठेव एका पतसंस्थेत अडकली, तेव्हा आजचा कायदाही तितक्याच बारकाईने वाचावा लागला. या दोन्ही वाचनांतून तीन प्रश्न उरले. जप्तीचा हुकूम कोणत्या पायरीच्या न्यायालयाने द्यावा? जप्तीचा पैसा कोणाचा? आणि जप्ती चुकीची ठरली तर भरपाई कोण देणार?

शिक्षा म्हणून जप्ती

साताऱ्याचा जप्तीशी संबंध अगदी सिंहासनापासूनचा आहे. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे झगडत राहिले. ते रिकाम्या हाताने परतले. त्यानंतर १८५७ च्या उठावाच्या तयारीबद्दल साताऱ्यात धरपकड झाली आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड देण्यात आला. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता. रंगो बापूजी स्वतः मात्र कधीच सापडले नाहीत.

त्याच वर्षी सरकारने मालमत्तेच्या जप्तीसाठी स्वतंत्र कायदा केला, तो १८५७ चा २५ वा कायदा. पुढे १८६० च्या भारतीय दंडसंहितेत मालमत्ता सरकारजमा करणे ही एक शिक्षाच ठरवली गेली. राजाविरुद्ध युद्ध पुकारणाऱ्याची सगळी मालमत्ता सरकारजमा होई. कलम ६२ असे होते, की मृत्युदंडाला पात्र असलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याची सर्व मालमत्ता सरकारजमा करण्याचा आदेश न्यायालय देऊ शके. काळ्या पाण्याची किंवा सात वर्षांहून कमी नाही अशी कैद झाली, तर शिक्षा चालू असेपर्यंत त्याच्या जमिनीचे आणि घरांचे उत्पन्न सरकारकडे जमा करता येई. बायकामुलांना त्यातून काही द्यायचे की नाही, हे सरकारच्या मर्जीवर होते.

या रचनेत नुकसान झालेल्या माणसाचा उल्लेखही नाही. गुन्हा राजाविरुद्ध, म्हणून मालमत्ताही राजाची, असा तो हिशेब होता. १९२१ च्या १६ व्या कायद्याने कलम ६१ आणि ६२ रद्द झाली आणि संपूर्ण मालमत्ता सरकारजमा करण्याची ही सर्वसाधारण शिक्षा दंडसंहितेतून गेली. जप्ती मात्र गेली नाही. ती प्रक्रिया संहितेत वेगळ्या वेशात बसलेली होती.

फरारीची जप्ती

१८९८ च्या संहितेतली कलमे ८७, ८८ आणि ८९ साताऱ्याच्या इतिहासात फार महत्त्वाची आहेत. वॉरंट टाळण्यासाठी माणूस लपला आहे असे न्यायालयाला वाटले, तर कलम ८७ खाली जाहीरनामा निघे. तो गावात सर्वांसमोर वाचायचा, त्याच्या घरावर चिकटवायचा, एक प्रत कचेरीवर लावायची आणि हजर होण्यासाठी किमान तीस दिवस द्यायचे. कलम ८८ खाली त्याची जंगम आणि स्थावर मालमत्ता जप्त करता येई. जमीन सरकारला सारा देणारी असेल तर जप्ती जिल्ह्याच्या कलेक्टरमार्फत व्हायची. मुदतीत माणूस हजर झाला नाही तर मालमत्ता सरकारच्या स्वाधीन होई आणि सहा महिन्यांनंतर ती विकता येई.

येथे गुन्हा सिद्ध होण्याची गरज नव्हती. गैरहजेरी पुरेशी होती. आणि त्या काळचा कलेक्टर हाच जिल्हा मॅजिस्ट्रेटही असे. महसूल त्याच्याकडे, पोलिसांवर देखरेख त्याची आणि फौजदारी अधिकारही त्याचेच. खालच्या मॅजिस्ट्रेटला आपल्या अधिकारापेक्षा मोठी शिक्षा द्यावी असे वाटले, तर कलम ३४९ प्रमाणे तो प्रकरण वर पाठवी, ते जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे किंवा उपविभागीय मॅजिस्ट्रेटकडे. म्हणजे ‘वरच्या न्यायालयाकडे सुपूर्द करणे’ याचा अर्थ पुष्कळदा एका सरकारी अधिकाऱ्याकडून दुसऱ्या, अधिक वरच्या सरकारी अधिकाऱ्याकडे एवढाच होता.

१९४२ मध्ये तासगाव, वडूज, इस्लामपूर येथे कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला. त्यानंतर शेकडो कार्यकर्ते भूमिगत झाले आणि जप्तीची कलमे गावोगाव पोहोचली. येडे मच्छिंद्रच्या नाना पाटलांच्या घरादारावर आणि जमिनीवर जप्ती आली. भूमिगतांच्या कुटुंबांना याचा सर्वांत जास्त चटका बसला, कारण जमीन बहुधा एकत्र कुटुंबाची असे. फरारी एक भाऊ, पण पेरणी चौघांची. १९२३ च्या दुरुस्तीने अशा नातेवाइकांना ‘ही मालमत्ता आमची आहे’ असा दावा सहा महिन्यांच्या आत करण्याची सोय झाली होती. पण ज्या घरावर पोलिसांची नजर आहे, त्या घरातल्या माणसाने कचेरीत जाऊन दावा मांडणे ही साधी गोष्ट नव्हती.

कलम ८९ ची गंमत आणखी वेगळी. जप्तीनंतर दोन वर्षांच्या आत माणूस हजर झाला, तर मालमत्ता किंवा विक्रीचा पैसा परत मिळू शके. अट अशी, की आपण वॉरंट टाळण्यासाठी लपलो नव्हतो आणि मुदतीत हजर होता येईल अशी जाहीरनाम्याची खबरही आपल्याला नव्हती, हे त्याने सिद्ध करावे. भूमिगत कार्यकर्ता प्रामाणिकपणे हे कधीच म्हणू शकत नव्हता. ज्याने खोटे बोलायचे नाकारले, त्याला परतीची वाट नव्हती.

या सगळ्यात भूगोलानेही हात दिला. १८९८ ची संहिता ब्रिटिश हिंदुस्थानापुरती होती आणि सातारा जिल्ह्यात व आजूबाजूला औंध, सांगली, मिरज, फलटण, जत अशी संस्थाने विखुरलेली होती. तुफान सेनेचे केंद्र असलेले कुंडल औंध संस्थानात होते. साताऱ्याच्या मॅजिस्ट्रेटचा जप्तीहुकूम संस्थानच्या हद्दीत आपोआप चालत नसे, त्यासाठी संस्थानची मदत लागे. एका गावातून दुसऱ्या गावात गेले की कायदा बदलत होता. आज हीच अडचण देशांच्या हद्दींवर येते, म्हणून परदेशातील मालमत्तेसाठी करार आणि विनंतीपत्रांची वेगळी कलमे करावी लागली आहेत.

प्रतिसरकारचा न्याय

१९४३ नंतर याच भागात प्रतिसरकारची न्यायदान मंडळे काम करू लागली. जमिनीचे, सावकारी कर्जाचे, संसाराचे तंटे त्यांच्यापुढे आले आणि गावगुंड व दरोडेखोरांचा बंदोबस्तही त्यांनी केला. कोर्टफी नाही, वकील नाही, सुनावणी गावातच आणि फिर्यादीही साक्षीदारांइतकाच समोर. इंग्रजी न्यायालयात फिर्यादीला साक्ष देऊन घरी जायचे असे, येथे ‘याचे काय नुकसान झाले आणि ते कसे भरून निघेल’ हा प्रश्न आधी येई. सामान्य माणसाला ही मंडळे आपली वाटली, याचे एक कारण माझ्या मते हेच आहे.

पण अभ्यासकाने दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. या मंडळांच्या वर अपील ऐकणारे स्वतंत्र न्यायालय नव्हते. तळपायावर मार देण्याची शिक्षा होती आणि तिच्यावरूनच ‘पत्री सरकार’ हे नाव रूढ झाले असे सांगतात. चुकीच्या माणसाला मार बसला तर तो परत घेता येत नाही. नुकसान झालेल्याला मध्यभागी ठेवणे आणि आरोपीला वरच्या पायरीवर दाद मागू देणे, या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेत बसवणे अवघड असते. ब्रिटिश व्यवस्थेकडे अपिलाच्या पायऱ्या होत्या, पण भरपाईची आस्था नव्हती. गावच्या मंडळाकडे आस्था होती, पायऱ्या नव्हत्या.

ठेवीदारांचा कायदा

स्वातंत्र्यानंतर सांगली संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सहकार वाढला, साखर कारखाने आले, हळदीचा बाजार मोठा झाला आणि गावोगाव पतसंस्था उभ्या राहिल्या. त्याबरोबर बुडीत ठेवींची दुखणीही आली. आता जप्तीची मागणी सरकार नव्हे, तर लोक करू लागले.

१९९९ चा महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम हा त्याला मिळालेला प्रतिसाद. ठेवी घेऊन फसवणुकीने परत न करणाऱ्या संस्थेच्या जबाबदार व्यक्तींना सहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शासन संस्थेची मालमत्ता जप्त करते, अपुरी पडली तर प्रवर्तक आणि संचालकांचीही. उपजिल्हाधिकारी किंवा त्याहून वरच्या दर्जाचा सक्षम प्राधिकारी ती ताब्यात घेतो आणि खास नेमलेल्या न्यायालयापुढे जातो. ते न्यायालय हरकती ऐकते, जप्ती कायम करते किंवा उठवते आणि पैशाचे ठेवीदारांत न्याय्य वाटप करवते. त्यावर उच्च न्यायालयात अपील आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००५ मध्ये हा कायदा घटनाबाह्य ठरवला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि २०२२ च्या निकालात त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केले.

वाटप म्हणजे काय, ते साध्या हिशेबाने पाहू. ठेवीदारांचे एकूण येणे १ कोटी आणि जप्त मालमत्ता विकून हाती आले २५ लाख, तर प्रत्येकाला रुपयामागे २५ पैसे. २ लाखांची ठेव असेल तर ५० हजार. आधी कचेरीत पोहोचला त्याला जास्त, असे नाही. माझी बहीण या हिशेबाला ‘वाटणीचा डाळभात’ म्हणते. पोट भरत नाही, पण पंगतीत कोणाला रिकामे पान नको.

कलम १०७ आणि न्यायालयाची पायरी

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम १०७ ने हा विचार सर्वच गुन्ह्यांना लावला. तपास करणाऱ्या पोलिसाला एखादी मालमत्ता गुन्ह्यातून मिळवलेली आहे असे सकारण वाटले, तर पोलीस अधीक्षकाच्या किंवा आयुक्ताच्या मंजुरीने तो न्यायालयाकडे अर्ज करतो. न्यायालय चौदा दिवसांची कारणे दाखवा नोटीस काढते. नोटिशीने हेतूच विफल होईल असे वाटले, तर एकतर्फी अंतरिम जप्तीही करता येते. मालमत्ता गुन्ह्यातलीच आहे असे न्यायालयाला आढळले, तर जिल्हा दंडाधिकाऱ्याने साठ दिवसांत ती बाधितांना प्रमाणशीर वाटायची. दावेदार नसतील किंवा वाटून उरेल, तेवढेच सरकारजमा. १८६० च्या क्रमाची येथे पुरती उलटापालट झाली आहे. तेव्हा सगळे सरकारचे होते, आता सरकार रांगेत शेवटी आहे. हा बदल मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

अडचण पहिल्या प्रश्नाशी आहे. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड देऊ शकतो. आरोपी दोषी आहे पण यापेक्षा कडक शिक्षेला पात्र आहे असे त्याचे मत झाले, तर कलम ३६४ प्रमाणे (जुन्या संहितेत ३२५) तो आपले मत नोंदवून प्रकरण आणि आरोपी मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवतो. त्याचा अधिकार सात वर्षांपर्यंत आहे. तो हवे तर साक्षीदार पुन्हा तपासतो आणि मग निकाल देतो. आता ‘वर पाठवणे’ हे कलेक्टरकडे जात नाही, न्यायव्यवस्थेतच राहते, हीसुद्धा मोठीच सुधारणा.

पण कलम १०७ खालचा अर्ज ज्या न्यायालयाला त्या गुन्ह्याची दखल घेण्याचा, तो सत्र न्यायालयाकडे सुपूर्द करण्याचा किंवा चालवण्याचा अधिकार आहे, त्याच न्यायालयाकडे जातो. तेथे रकमेची मर्यादा नाही. म्हणजे तीन वर्षांऐवजी चार वर्षे कैद द्यायची असेल तर तालुक्याच्या न्यायालयाने वर पाठवायचे, पण दोन पिढ्यांचे घर आणि पाच एकर बागायत जप्त करून वाटायची असेल तर पाठवायची गरज नाही. शिवाय कलमाच्या शब्दांत दोषसिद्धीची अट दिसत नाही. वाटप होऊन गेल्यावर आरोपी निर्दोष सुटला तर पुढे काय, याचे उत्तर त्या कलमात नाही.

इंग्लंडमध्ये २००२ च्या गुन्हेउत्पन्नविषयक कायद्याने हेच कोडे उलट्या बाजूने सोडवले आहे. तेथे जप्तीचा आदेश क्राउन न्यायालय देते आणि तोही दोषसिद्धीनंतर. खालच्या मॅजिस्ट्रेट न्यायालयात दोष ठरला आणि सरकारी पक्षाने जप्ती मागितली, तर कलम ७० प्रमाणे प्रकरण क्राउन न्यायालयाकडे सुपूर्द करावेच लागते, मग शिक्षा खालच्या न्यायालयाच्या अधिकारातली का असेना. आणि आरोपीकडे दोन्हींपुरते पैसे नसतील, तर जप्तीच्या रकमेतून नुकसान झालेल्याची भरपाई भागवण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे.

भरपाईची दोन टोके

नुकसान झालेल्याच्या भरपाईबाबत आपल्या न्यायालयांचा अधिकार मात्र दिसतो त्याहून मोठा आहे. जुन्या कलम ३५७ चे (आता ३९५) दोन भाग आहेत. दंड केला असेल तर त्यातून भरपाई देता येते, आणि दंड हा शिक्षेचा भाग नसेल तर स्वतंत्र भरपाईचा आदेश देता येतो. पहिल्याला दंडाच्या मर्यादेचे कुंपण आहे, दुसऱ्याला नाही. म्हणून ज्या दंडाधिकाऱ्याला ५० हजारांपेक्षा जास्त दंड करता येत नाही, तोच योग्य प्रकरणात लाखांची भरपाई देऊ शकतो. हा अधिकार वर्षानुवर्षे पडून राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये तो सढळपणे वापरा असे सांगितले आणि २०१३ मध्ये अंकुश शिवाजी गायकवाड या महाराष्ट्रातल्याच खटल्यात आणखी पुढे जाऊन, प्रत्येक फौजदारी प्रकरणात भरपाईचा विचार करणे न्यायालयावर बंधनकारक आहे आणि ती दिली किंवा नाकारली तर कारणे नोंदवावीत, असे म्हटले.

दुसऱ्या टोकाला आहे तो चुकीच्या कारवाईत भरडलेला माणूस. विनाकारण अटक करायला लावणाऱ्याकडून अटक झालेल्याला भरपाई मिळते, तिची कमाल मर्यादा १ हजार रुपये. निराधार फिर्याद करणाऱ्याकडूनही काही भरपाई वसूल करता येते. परंतु कलम १०७ खाली मालमत्ता चुकीने अडकली, दोन हंगाम पडीक राहिली, ट्रॅक्टर अंगणात गंजला, बँकेचे व्याज चढले, तर त्याच्या भरपाईचे कलम नाही. उच्च न्यायालयाचे दार घटनेमुळे उघडे आहे आणि कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावता येत नाही हे अनुच्छेद ३०० अ सांगतो. पण जतच्या शेतकऱ्याला मुंबई किंवा कोल्हापूर गाठायला लावणे ही वेगळीच शिक्षा आहे. इंग्लंडच्या त्याच कायद्यात कलम ७२ आहे. तपास सुरू झाला, दोषसिद्धी झाली नाही आणि तपासयंत्रणेकडून गंभीर कसूर झाली असेल, तर क्राउन न्यायालय मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई देऊ शकते. अट कडक आहे, पण दार त्याच कायद्यात आहे.

म्हणून आपल्याकडे दोन छोट्या दुरुस्त्या पुरेशा होतील असे मला वाटते. विशिष्ट रकमेपुढची किंवा राहत्या घराची आणि कसणाऱ्या जमिनीची अंतिम वाटणी सत्र न्यायालयाच्या हुकुमाशिवाय होऊ नये. खालच्या न्यायालयाने अंतरिम जप्ती करावी, नोंदी कराव्यात आणि प्रकरण वर सुपूर्द करावे. आणि चुकीच्या जप्तीच्या भरपाईचे एक कलम त्याच प्रकरणात घालावे. यामुळे ठेवीदाराचा पैसा लांबेल असा आक्षेप येईल आणि तो खरा आहे. बहिणीसारख्या माणसांना एक-एक महिना मोजावा लागतो. पण जप्त मालमत्ता अंतरिम हुकुमाने सुरक्षित असतेच. उशीर वाटपाला होईल, हक्काला नाही.

तोपर्यंत एवढे तरी गावोगाव माहीत असावे. अशी नोटीस घरी आली तर हातात चौदा दिवस आहेत. उत्तर दिले नाही तर हुकूम एकतर्फी होतो. जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर सातबारा, फेरफार, वाटणीपत्र घेऊन प्रत्येक हिस्सेदाराने आपले म्हणणे वेगळे द्यावे. वडिलोपार्जित मिळकत कोणती आणि गुन्ह्याच्या आरोपानंतर घेतलेली कोणती, हे कागदांनी वेगळे करून दाखवावे. आणि आपण ठेवीदार असू, तर ठेवपावतीची प्रत, पासबुक आणि दावा वेळेत दाखल करून त्याची पोच घ्यावी, कारण वाटप यादीत नाव असलेल्यांनाच होते. १९४२ मध्ये ज्या भावांनी सहा महिन्यांत दावा मांडला नाही, त्यांच्या हिश्श्याचे काय झाले असेल, हे त्या जुन्या कलमात वाचता येते.